मालवणच्या गढूळ पाण्याची बाजू

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की ओळखीतल्या कुणाचा तरी प्रश्न येतोच: स्कूबा करायला मालवणला जावं की अंदमानला? आणि त्यामागोमाग, जरा आवाज खाली आणून, दुसरा प्रश्न: "मालवणचं पाणी म्हणे गढूळ असतं. खाली काही दिसतच नाही. खरं का?"

गढूळ असतं, हे खरं आहे. चांगला दिवस लाभला तर सहा-सात मीटरपर्यंत नजर पोचते. एरवी तीन-चार मीटर. वारा उठलेला असेल आणि खाडीचं पाणी उतरत असेल, तर स्वतःच्या पायातल्या फिन्ससुद्धा धड दिसत नाहीत. जाहिरातीत निळंशार पाणी आणि लांबवर पसरलेली रंगीत प्रवाळाची बाग दिसली, तर तो फोटो मालवणचा नाही असं खुशाल समजावं. पण 'काही दिसतच नाही' हे मला मान्य नाही. मी डायव्हिंग शिकले अंदमानात, स्वराज द्वीपला. तिथल्या स्वच्छ पाण्याचं वेड मलाही आहे. तरी आता मन ओढ घेतं ते मालवणकडे. ज्या कारणांनी ते पाणी गढूळ आहे, त्याच कारणांनी ते इतकं भरलेलं आहे, हे हळूहळू उमगत गेलं आणि तिथे पाण्याखाली बघण्याची माझी रीतच बदलली.

मालवणचं बंदर उथळ आहे. उत्तरेला कोळंबची खाडी, दक्षिणेला देवबागच्या टोकाशी कर्ली नदीचं मुख, मधल्या किनाऱ्यावर चिवला, दांडी, वायरी, तारकर्ली आणि समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. शेजारी पद्मगड. या दोन्हींच्या अवतीभवती पाण्यात बुडालेल्या, ओहोटीला अर्धवट डोकं वर काढणाऱ्या खडकांचं जाळं पसरलेलं आहे. तिथले गाबीत मच्छीमार त्याला खडप म्हणतात. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचं काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. तटबंदी मागाहून उभी राहिली, पण बेटाचा पहिला पहारा या खडपांचाच. वाट ठाऊक नसलेल्या मोठ्या गलबताला इथे शिरणं जिकिरीचं. आणि प्रवाळ वाढतं तेही याच खडपांवर. वाळूत त्याला बूड टेकता येत नाही, त्याला पक्का दगड लागतो. किल्ला बघायला आलेली माणसं होडीतून ज्या पाण्यावरून जातात, त्याच पाण्याखाली पाच-सहा मीटरांवर हे सगळं चाललेलं असतं, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

आता गढूळपणाबद्दल. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीवरून येणाऱ्या इथल्या नद्या लांबीला आखूड आणि उताराला तीव्र. जांभ्याची तांबडी माती, पानांचा कुजका पाचोळा, भातखाचरांतलं पाणी, खाडीतल्या कांदळवनाचा चिखल हे सगळं त्या समुद्रात आणून टाकतात. त्यातलं जड ते तळाशी बसतं, पण तळ उथळ असल्यामुळे जरा मोठी लाट आली की पुन्हा वर उठतं. गढूळपणाचा हा झाला मातीचा भाग.

दुसरा भाग जिवंत आहे. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खोलातलं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यात नद्यांनी आणलेला माल मिसळतो. वर ऊन पडलं की पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, म्हणजे वनस्पती-प्लवकांना, ऊत येतो, त्यांना खाणारे प्राणी-प्लवक वाढतात, आणि त्या दोघांवर तारली, पेडवे, बांगडे हे मासे पोसतात. पाण्याला जो हिरवट रंग दिसतो तो बराचसा या प्लवकांचा. हिवाळ्यात एखाद्या रात्री मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर लाट फुटताना निळी चमकते, ते नॉक्टिल्यूका नावाच्या अशाच एका एकपेशीय जीवाचं काम. लोक रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाळूत बसून तो उजेड बघतात आणि सकाळी त्याच पाण्याला गढूळ म्हणून नावं ठेवतात! उष्ण कटिबंधातला खोल समुद्र निळाशार दिसतो तो मुख्यतः त्यात प्लवक कमी असतात म्हणून. ते पाणी डोळ्यांना सुंदर दिसतं, पण खाण्यापिण्याच्या हिशेबात पुष्कळदा वाळवंटच असतं.

याचा पडताळा आपल्याच समुद्रात आहे. विजयदुर्गापासून पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे, आंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांचं. त्याचा माथा पृष्ठभागापासून वीसेक मीटर खाली आहे. किनारा इतका लांब की नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही. पाणी निर्मळ, आणि प्रवाळ मुबलक. म्हणजे स्वच्छ पाण्यातलं प्रवाळ महाराष्ट्राच्या समोर नाही असं नाही. पण ते किनाऱ्यापासून तुटलेलं, स्वतःपुरतं जग आहे. मालवणच्या प्रवाळाला शेजार नदीचा, खाडीचा, रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, आणि माणसांचा. मला त्या शेजारासकट ते जास्त जवळचं वाटतं.

पाणी कधी निवळतं याचं गणित किनाऱ्यावरच्या लोकांच्या बोटांवर असतं. मे महिना संपता संपता पर्यटकांच्या होड्या बंद होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला तरी पाणी लगेच निवळत नाही. नद्यांचा गाळ खाली बसायला ऑक्टोबर उजाडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यांत चांगला काळ. मार्चनंतर वारा वाढतो, एप्रिल-मेमध्ये पाणी कोमट होतं आणि दुपारच्या लाटा अंगावर येऊ लागतात.

पण नुसता महिना बघून भागत नाही, तिथी बघावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी, ओहोटीही मोठी, पाण्याची ये-जा जोरात आणि तळाचा गाळ सारखा ढवळलेला. अष्टमीनंतर भांग लागतो. तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी होतो, प्रवाह सुस्तावतो आणि गाळ बसायला उसंत मिळते. शिवाय भरतीबरोबर बाहेरचं, त्या मानाने स्वच्छ पाणी आत येतं, आणि ओहोटीला खाड्यांचं तांबूस पाणी बाहेर पडतं. म्हणून डायव्हिंग भरती पुरी होण्याच्या आसपास केलेलं बरं. भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट करायची. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. मिनिटाचा हिशेब त्यात बसत नाही, पण होडी कधी काढायची ते कळतं.

आता याला वाऱ्याची जोड द्या. रात्रभर आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी सपाट असतं. दुपार व्हायला लागली की खारे वारे सुटतात आणि पाण्यावर सुरकुत्या, मग लाटा, मग फेस. भांगाचे दिवस, सकाळी साडेसात-आठची भरती आणि मतलई वारा हे तिन्ही एकत्र येतात ते दशमी-एकादशीला. शनिवार-रविवारच्या सुट्टीत अकरा-बारा वाजता रांगेत उभं राहून पाण्यात उतरणाऱ्या माणसाला मालवणचं जे पाणी मिळतं, ते आणि हे पाणी यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. बिचारा परत जाऊन सांगतो की तिथे काही दिसत नाही. त्याच्या परीने तो खरंच सांगत असतो.

असाच एकदा दशमीच्या सकाळी दांडीच्या किनाऱ्यावरून होडी काढली होती. होडीवर जे काका होते त्यांचं सगळं आयुष्य जाळं टाकण्यात गेलेलं. आता मुलगा डायव्हिंगचा गाइड झाला म्हणून तेही या धंद्यात आलेले. पाण्यात नुसतं बघून म्हणाले, "बाय, पाणी आज तितक्या निवळ नाय. पण मासो बघूक गावतलो. घाई करू नको, डोळ्यांका सवय होऊंदे." डायव्हिंगच्या कुठल्याही वर्गात मला याहून उपयोगी सूचना मिळालेली नाही.

पाठीवरून मागे पडायचं, पाण्याचा पहिला गारवा मानेत शिरतो, मग नाक चिमटीत धरून कानांवरचा दाब सारखा करत करत खाली. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, पण इथे तेवढंही खाली जावं लागत नाही. पहिला मिनिटभर सगळं हिरवं. कुठे वर, कुठे खाली, हे फक्त बुडबुड्यांवरून कळतं. नवशिक्याला भीती वाटते ती याच वेळी, कारण डोळे लांबचं काही शोधत असतात आणि लांब काहीच नसतं. स्वच्छ पाण्यात नजर पळत सुटते. इथे ती हाताच्या अंतरावर आणून बसवावी लागते. मग आधी एक कडा उमटतो, मग त्या कड्यावरचं काहीतरी हलताना दिसतं आणि खडप हळूहळू पुढे येतं.

त्या दिवशी ते काहीतरी म्हणजे टर्बिनेरिया होतं. उलट्या धरलेल्या रुंद तबकासारखं वाढणारं, फिक्या तपकिरी-पिवळ्या रंगाचं प्रवाळ. मालवणला ते बऱ्यापैकी दिसतं. प्रवाळ म्हणजे दगड अशी आपली समजूत असते, कारण आपण ते अंगठीतल्या पोवळ्याच्या रूपात किंवा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात बघितलेलं असतं. या तबकावर मात्र शेकडो लहान लहान जीव बाहेर आलेले होते, प्रत्येकाला इवल्या भुजांचं वर्तुळ. बऱ्याच जातींचे प्रवाळ रात्री भुजा पसरतात. टर्बिनेरियाचे जीव भर दिवसासुद्धा उमललेले सापडतात. पाण्याची एक झुळूक आली आणि वरून बारीक गाळ त्याच्यावर उतरला. मी हलले नाही. श्वास संथ ठेवून तिथेच तरंगत राहिले. गाळाखालच्या भुजा आखडल्या, मांसल भाग थोडा फुगला, आणि चिकट स्रावात अडकलेला तो गाळ दुधावरची साय काठाकडे सरकावी तसा एका बाजूला सरकू लागला. काठावर आला आणि पुढच्या झुळकीबरोबर निसटून खाली पडला. भुजा पुन्हा बाहेर. हे सारं इतक्या सावकाश झालं की फोटो काढायला थांबलेल्या माणसाच्या ध्यानातही आलं नसतं.

गढूळ पाण्यातलं प्रवाळ जगतं ते असं, दिवसरात्र स्वतःला झाडून-पुसून. त्याला त्याची किंमत मोजावी लागते. स्राव तयार करायला ताकद खर्च होते. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. गढूळ पाण्यात उजेड कमी, म्हणून हा वाटाही कमी. मग ही तूट भरून काढायला प्रवाळ भुजा पसरून वाहत्या पाण्यातले प्लवक पकडून खातं. म्हणजे जे पाणी त्याचा उजेड अडवतं, तेच त्याच्या तोंडाशी घासही आणतं. म्हणून अशा पाण्यात टिकतात त्या जाती नाजूक फांद्यांच्या फारशा नसतात. मालवणला ढिपळासारखं वाढणारं पोरायटीस आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खण दाखवणारं फेव्हायटीस आहे, हे टर्बिनेरिया आहे. सगळी काटक मंडळी. पावसाळ्यात वरून गोडं पाणी येतं, खारटपणा उतरतो, चार महिने ऊन नाही, तरी दरवर्षी ती त्यातून बाहेर पडतात.

रंगांचीही गंमत आहे. पाणी लाल रंग सगळ्यांत आधी गिळतं. पाच-सहा मीटरवर गेलं की तांबडं ते तपकिरी किंवा काळपट दिसू लागतं. खडपाच्या पोटाशी एक करडा थर दिसतो, शेवाळ असेल म्हणून आपण पुढे जाणार, एवढ्यात हातातला टॉर्च लावला की तो थर भगवा पेटतो. स्पंज असतो तो. शेजारी जांभळा, शेजारी लिंबाच्या सालीच्या रंगाचा. समुद्रपंखे असतात, प्रवाहाला आडवे उभे. एका फटीत मोरे ईल तोंड उघडं ठेवून बसलेला. तो चावायला टपलेला नसतो, तोंडावाटे पाणी आत घेऊन श्वास घेत असतो. कड्याखाली गोबरा. बाजारात बर्फावर पडलेला गोबरा आणि आपल्या जागेवर पंख किंचित हलवत, आपल्याकडे रोखून बघणारा गोबरा हा एकच मासा आहे यावर विश्वास बसत नाही. शेवंडाच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, मिश्या तर शेवंड दिसायच्या कितीतरी आधी दिसतात. जोडीने फिरणारे फुलपाखरू मासे, काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर, क्षणात दिसून नाहीसा होणारा बांगड्यांचा थवा. हिवाळ्यात खडपांवर सारगॅसम नावाचं तपकिरी समुद्रशैवाल दाट वाढतं. त्याच्या पानांत हवेचे मणी असतात, त्यामुळे ते उभं राहतं आणि लाटेबरोबर अख्खं रान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर झुकतं. त्या रानात माशांची पिल्लं लपलेली असतात. ती बघायची तर थांबावं लागतं.

आणि थांबायलाच कुणाला वेळ नसतो, हे मालवणचं आजचं दुखणं आहे. पाहुणा येतो, त्याला पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली नेतात, मागून गाइड धरून ठेवतो, आणि व्हिडिओत मासे यावेत म्हणून पावाचा चुरा सोडतात. सार्जंट मेजर धावत येतात, पाहुण्याचा चेहरा माशांनी वेढला जातो, व्हिडिओ झाला. मला याचा मनापासून राग येतो. पावाला चटावलेले मासे आपलं नेहमीचं खाणं सोडून होडीच्या आवाजामागे फिरू लागतात. धीट जात वाढते, बुजऱ्या जाती त्या जागेवरून हटतात. खडकावरचं शैवाल खाणारे मासे आपलं काम करेनासे झाले तर शैवाल प्रवाळाला गिळतं. प्रवाळ दिवसभर एकेक कण झाडून अंग स्वच्छ ठेवतं, आणि आपण त्याच्यावर पावाचा लगदा टाकतो. शिवाय गाइडने पाहुण्याला स्थिर ठेवायला एक हात खडपाला धरलेला असतो. तो हात कुठे पडतो? जिथे पकड चांगली मिळते तिथे, म्हणजे पुष्कळदा प्रवाळावर. पाहुण्याच्या फिन्स खाली आपटतात. आणि वर होडीचा नांगर टाकलेला असतो तोही खडपातच, कारण तिथे तो चांगला अडकतो.

हे नुसतं माझं हळवेपण नव्हे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांची पाहणी करून, हौशी डायव्हिंगमुळे त्यांचं होणारं नुकसान २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडलं आहे. कायद्याच्या बाजूनेही शंकेला जागा नाही. खडक बांधणारं प्रत्येक प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत आहे तीच यादी. वाघाच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढायचं कुणाच्या मनातही येत नाही.

आणि या सगळ्याच्या वर उष्णतेची टांगती तलवार आहे. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं. रंग जातो, खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. लगेच ते मरत नाही, पण उपाशी पडतं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरच्या प्रवाळांवर अशी चौथी मोठी आपत्ती आल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. मालवणलाही प्रवाळ पांढरं पडल्याच्या नोंदी याच्याही आधीपासून आहेत. इथे पुन्हा गढूळपणाची बाजू घ्यावीशी वाटते. प्रवाळाला उष्णतेबरोबर प्रखर उजेडाचाही मार बसतो, आणि गढूळ पाणी त्या उजेडावर पडदा धरतं. शिवाय प्लवक खायची सवय असलेलं प्रवाळ उपाशी दिवसांत थोडं अधिक तग धरू शकतं. म्हणून गढूळ पाण्यातल्या प्रवाळांकडे जगभरचे अभ्यासक आता अधिक आस्थेने बघू लागले आहेत. यावर फार विसंबून राहायचं नाही; गाळ एका मर्यादेपलीकडे गेला तर तोच प्रवाळाला गाडून टाकतो. डोंगर खणले, वाळू उपसली, कांदळवनं तोडली की ती मर्यादा जवळ येते. पण ज्या प्रवाळाला आपण दुय्यम समजतो, त्याच्याकडे तग धरायची काही विद्या आहे एवढं तरी आपल्याला ठाऊक असावं.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर, त्यातला सुमारे ३ चौरस किलोमीटरचा गाभा. एवढी वर्षं झाली, पण किनाऱ्यावर 'अभयारण्य' म्हटलं की आजही कपाळाला आठ्या पडतात. त्याला कारण आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी त्या पाण्यात जाळं टाकलं त्यांना उद्या तिथे बंदी येईल अशी धास्ती वाटली, आणि ती धास्ती दूर होईल असं त्यांच्याशी मोकळेपणाने कुणी बोललं नाही. मला मच्छीमारांची बाजू कळते. पारंपरिक रापण ओढणाऱ्याला अडवायचं आणि पर्यटकांच्या होड्यांना नांगर टाकू द्यायचा, असल्या संरक्षणावर कुणाचा विश्वास बसेल? होडीवरच्या त्या काकांना कुठल्या खडपात कोणत्या महिन्यात गोबरा अंड्यावर येतो हे ठाऊक आहे. कुठल्या जागेचं प्रवाळ गेल्या दहा वर्षांत उतरलं तेही ते बोट दाखवून सांगतात. हे ज्ञान नोंदवून घेतलं आणि त्यांच्याच मुलांना राखणदार केलं तर तिथे पहारेकरी नेमायला लागणार नाही.

करण्यासारख्या गोष्टी अवघडही नाहीत. डायव्हिंगच्या प्रत्येक जागी तळाला पक्के बांधलेले तरंगते बोये असावेत, होड्यांनी नांगर न टाकता त्यांना दोर बांधावा. पाव बंद. एका जागी एका वेळी किती माणसं उतरवायची याला मर्यादा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे, स्थानिक मुलं तिथे रीतसर शिकू शकतात. गाइड तरबेज असला की तो पाहुण्याला खडपापासून हातभर वर तरंगत ठेवतो, कशालाही न धरता. असे गाइड मालवणात आहेत. त्यांच्याबरोबर उतरलं की फरक पहिल्या दोन मिनिटांत जाणवतो.

सध्या सगळीकडे चर्चा आहे ती 'गुलदार'ची. १९८५ पासून नौदलाच्या सेवेत असलेलं हे जहाज जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. ते मालवणच्या दक्षिणेला निवती रॉकजवळ समुद्रात बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळखडक करायचा राज्याचा प्रकल्प आहे. मला या कल्पनेचं स्वागतच करावंसं वाटतं. लोखंडी सांगाड्यावर हळूहळू कालवं, स्पंज, मऊ प्रवाळ बसतं, मासे आसऱ्याला येतात, आणि डायव्हरांची गर्दी किल्ल्याजवळच्या थकलेल्या खडपांवरून थोडी हलली तर त्यांना विसावा मिळेल. मात्र अट एकच, गर्दी खरोखर हलली पाहिजे. जहाजाच्या नावावर आणखी हजारो माणसं आली आणि त्यातली निम्मी किल्ल्याजवळच्या खडपांवरही उतरली, तर मालवणच्या पदरात काय पडलं?

म्हणून मला विचारणाऱ्यांना मी आता सांगते ते असं. मालवणला जरूर जा, पण अंदमानाची अपेक्षा घेऊन जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतला महिना निवडा. पंचांग उघडा, दशमी-एकादशी बघा, शुक्ल पक्षातली असो की कृष्ण पक्षातली. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा आणि सातच्या आत किनाऱ्यावर हजर राहा. होडी ठरवतानाच विचारा: पाव टाकता का, नांगर कुठे टाकता? उत्तर देताना समोरचा चुळबुळला तर दुसरी होडी बघा. आणि सरळ 'पाव टाकत नाही' म्हणाला तर त्याला दोन पैसे जास्त द्या, कारण व्हिडिओत मासे कमी आले म्हणून त्याची गिऱ्हाइकं तुटतात. सोबत छोटा टॉर्च ठेवा. खाली गेल्यावर पहिली दोन मिनिटं काहीही शोधू नका.

माझा पुढचा बेत मार्गशीर्ष शुद्ध दशमीचा आहे. काकांना फोन झालाय. पद्मगडाच्या बाहेरच्या अंगाला एक खडप आहे, तिथे यंदा सारगॅसम चांगलं आलंय म्हणतात आणि त्यात इवलाली तांबोशी फिरताहेत. आधी ते बघायचं, मग त्या टर्बिनेरियाकडे जायचं.